हातभर रोपाची ओळख

मृगाचा पाऊस होऊन पंधरा-वीस दिवस उलटले की परभणी जिल्ह्यातल्या कुठल्याही जुन्या बांधावर खाली बसून पाहावं. आघाडा, तरोटा आणि गवताच्या दाटीत अशी काही रोपं दिसतात जी कुणी पेरलेली नसतात, कुणी लावलेलीही नसतात. त्यातलं लिंबाचं कुठलं, हिवराचं कुठलं, चंदनाचं कुठलं, हे सांगणारं माणूस आखाड्यावर असेलच असं नाही. मग बांध साफ करायचा दिवस येतो. खुरप्याचा एक ओढा किंवा तणनाशकाचा एक फवारा, आणि ओळखीचा प्रश्न कायमचा मिटतो.

झाडांविषयीचं आपलं बहुतेक ज्ञान वाढलेल्या झाडांचं आहे. त्यांचं जगणं-मरणं मात्र ती हातभर असतानाच ठरतं, आणि नेमकं त्याच वयात त्यांना कुणी ओळखत नाही. अनोळखी झाड ओळखायची जी साधनं आज आपल्या हाती आहेत, त्यातलं कुठलं कुठपर्यंत नेतं आणि कुठे हात सोडतं, याचा परभणीपुरता हिशेब इथे मांडायचा आहे.

आधी रान कसलं ते सांगायला हवं. जिल्ह्याचं क्षेत्र सव्वासहा हजार चौरस किलोमीटरच्या घरात आहे आणि त्यातलं वनाच्छादन सरकारी अहवालांत एक टक्क्याच्या आसपासच भरतं. तेही उदार मोजणीत. एक हेक्टर जागेवर दहा टक्के झाडांची सावली असली की उपग्रहाच्या हिशेबात ते वनाच्छादन, मग ती झाडं कुठलीही असोत. गोदावरी, पूर्णा आणि दुधनेच्या खोऱ्यांतली काळी जमीन कापूस, सोयाबीन आणि तुरीखाली आहे. जंगलाचा आभास होईल अशा जागा म्हणजे उत्तरेला जिंतूरचे डोंगर, नेमगिरीचा परिसर, येलदरीच्या जलाशयाकडचे उतार. दक्षिणेला गंगाखेड-पालमच्या बाजूचे बालाघाटाचे फाटे. बाकी सगळी झाडं बांधांवर, ओढ्याकाठी, गायरानात, मसणवटीत, मंदिरामागे आणि रेल्वेच्या कडेने. जंगलात शंभर रोपं गेली तरी दोन-चार वाचतात. बांधावर जे रोप गेलं त्याच्या जागी दुसरं येईलच असं नसतं.

एक गोष्ट मात्र सोयीची आहे. हा शुष्क पानझडीचा मुलूख आहे, सह्याद्रीसारखी शेकडो जातींची गर्दी इथे नाही. माझ्या अंदाजाने पन्नास-साठ जाती नीट ओळखता आल्या तर परभणीच्या बांधावर आणि माळावर अडायला होत नाही. एवढं कुणालाही जमण्यासारखं आहे. अडचण ते शिकायच्या साधनांत आहे.

पुस्तकांपासून सुरुवात करू. पश्चिम भारतातल्या वनस्पतींसाठी आजही ज्यांचं नाव घेतलं जातं ते थिओडोर कुक पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयाचे प्राचार्य होते. मुंबई इलाख्यातल्या वनस्पतींची त्यांची मोठी सूची १९०१ ते १९०८ या काळात प्रसिद्ध झाली. पाठोपाठ १९०९ ते १९११ मध्ये टॅल्बट यांचे मुंबई इलाखा आणि सिंधमधल्या वनवृक्षांवरचे खंड आले. नगर-सोलापूरच्या माणसाला या दोन्हींचा उपयोग झाला. परभणी तेव्हा निजामाच्या राज्यात होती. इलाख्याची हद्द जिथे संपली तिथे कुकची पानंही संपली. निजामाच्या राज्यातल्या वनवृक्षांवर पार्ट्रिज यांचं पुस्तक १९११ साली निघालं खरं, पण आज ते हाती लागणं कठीण. १७ सप्टेंबर १९४८ ला मराठवाडा मुक्त झाला, तरी वनस्पतींच्या नोंदींत तो पुढे कितीतरी वर्षं कोराच राहिला.

ही पोकळी भरून काढली ती मराठवाडा विद्यापीठातले वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक व्ही. एन. नाईक यांनी. १९७९ मध्ये त्यांचं उस्मानाबाद जिल्ह्यातल्या वनस्पतींवरचं पुस्तक आलं आणि १९९८ मध्ये सबंध मराठवाड्याच्या वनस्पतींचे दोन खंड. परभणीच्या माणसाला आपल्या जिल्ह्याचं नाव खात्रीने सापडेल असा हा पहिला मोठा ग्रंथ. वापरताना एक भान ठेवायचं: तो छापला गेला तेव्हा हिंगोली वेगळी झालेली नव्हती. जिल्ह्याचं विभाजन १ मे १९९९ चं. म्हणजे त्या पानांतल्या ‘परभणी’त औंढा आणि कळमनुरीकडचे डोंगरही येतात. तिथलं झाड आजच्या परभणीत असेलच असं समजू नये. भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेने महाराष्ट्राच्या वनस्पतींचे खंड १९९६, २०००, २००१ असे काढले. अभ्यासकाचं काम त्यांच्यावर चांगलं भागतं.

शेतकऱ्याचं भागत नाही. कारण भाषा नव्हे, रचना. या सगळ्या ग्रंथांतली ओळखण्याची किल्ली फुलापासून सुरू होते: पाकळ्या किती, पुंकेसर किती, बीजांडकोश वर की खाली. विद्यापीठांच्या वनस्पतिसंग्रहातल्या कागदावर चिकटवलेला नमुनाही फुला-फळासकटच पूर्ण मानला जातो. बांधावरच्या रोपाला फूल यायला अजून कित्येक वर्षं असतात. त्याला या किल्लीचं कुलूपच नाही.

याला मोठा अपवाद जुन्या वनखात्याचा. आर. एस. ट्रूप यांनी १९२१ मध्ये भारतीय वृक्षांच्या संवर्धनावर तीन खंड लिहिले. त्यात बी रुजतं कसं, बीजपत्रं कशी असतात, पहिलं पान कसं, दुसरं कसं, पहिल्या उन्हाळ्यात रोप टिकतं की सुकतं, हे झाडामागून झाड चित्रांसह दिलं आहे. वनखात्याला झाड वाढवायचं होतं, म्हणून त्यांना रोप पाहावं लागलं. शंभर वर्षं होऊन गेली. आपल्या भागातल्या रोपांसाठी त्याहून भरवशाचं पुस्तक मला माहीत नाही. ते मराठीत आलेलं नाही, ही वेगळी खंत.

अलीकडच्या पुस्तकांत प्रदीप कृष्ण यांचं मध्य भारतातल्या जंगली झाडांवरचं पुस्तक (२०१३) पानाच्या आकारावरून झाडापर्यंत नेतं. धावडा, सालई, मोई, टेंभुर्णी, बिबा ही आपली मंडळी त्यात भेटतात. मराठीत श्री. द. महाजन यांनी देशी वृक्षांवर केलेलं लेखन आहे, आणि विश्वकोशातल्या झाडांवरच्या नोंदी आहेत, ज्यांना मिळायला हवा तेवढा वाचक मिळालेला नाही. तरी यातल्या प्रत्येकात झाड मोठं आहे. रोप नाही.

मग रोपाकडे पाहायचं कसं? सर्वांत आधी पानांची मांडणी: पेरावर पानं समोरासमोर आहेत की एकाआड एक. हा एकच प्रश्न अर्धी यादी बाद करतो. साग, चंदन, जांभूळ, शिवण, दोन्ही कुडे, कळंब यांची पानं समोरासमोर; लिंब, पळस, बाभूळ, बोर, बिबा यांची एकाआड एक. दुसरा प्रश्न: जे पान वाटतंय ते पान आहे की पर्णिका? देठाच्या बेचक्यात कळी असते. कळी जिथे, तिथून पान सुरू. चिंचेचं ‘पान’ म्हणून जे आपण दाखवतो ती पर्णिका असते. त्यानंतर काटे, चीक, वास, लव.

खरी मजा आणि खरा घोळ जवळच्या जोड्यांत आहे. काट्यांच्या झाडांत तर सगळ्यात जास्त. देशी बाभळीच्या रोपाला प्रत्येक पानाच्या बुडाशी सरळ, पांढरट काट्यांची जोडी. खैराचे काटे आखूड आणि आकड्यासारखे वाकडे, तेही जोडीने. शमी म्हणजे सौंदडाचे काटे दोन पेरांच्या दरम्यानच्या भागावर वाटेल तिथे विखुरलेले असतात. वेडी बाभूळ, जी परदेशातून आली, तिचे काटे पेरावरच येतात. शमी आणि वेडी बाभूळ यांची पानं लांबून सारखीच दिसतात, आणि वेडी बाभूळ काढायच्या मोहिमेत शमीची कोवळी रोपं उपटली जाण्याची भीती त्यामुळे असते. काटा कुठून निघतो एवढं पाहिलं तरी ती वाचतील. चार पर्णिका, म्हणजे दोन जोड्यांचं पान आणि बुडाशी काटे असं दिसलं तर ती विलायती चिंच. हिरव्या, ताठ, सुईसारख्या काट्याशेजारी दोनच पर्णिका असतील तर हिंगणबेट. हिवर रोपपणी बाभळीच्या फार जवळचा दिसतो. मोठेपणी त्याची पिवळट पांढरी साल आणि पावसाळ्याच्या उत्तरार्धात येणारा दुधी फुलोरा काळ्या सालीच्या, हळदुल्या फुलांच्या बाभळीपासून त्याला लगेच वेगळा काढतात. लहानपणी मात्र मीही शेजारी मोठा हिवर आहे का, हेच आधी पाहतो.

लिंबाच्या बाबतीत असाच एक गोतावळा आहे. कडुनिंबाची पर्णिका कोयत्यासारखी वाकडी, दातेरी, बुडाशी एक बाजू मोठी आणि एक लहान. पान एकदाच विभागलेलं. बकाणनिंबाचं पान दोनदा, कधी तीनदा विभागतं, त्यामुळे तो झिरझिरीत दिसतो. महारुखाचं पान हातभर लांब, पर्णिकांना मोठे ओबडधोबड दाते, आणि चुरगाळलं की उग्र, नकोसा वास. डोंगरावरची सालईसुद्धा लहानपणी लिंबासारखी भासते, पण तिला राळेचा गोडसर गंध असतो आणि पर्णिकांना देठ जवळजवळ नसतात. कडुनिंबाचं अगदी ताजं रोप आणखी फसवतं, कारण त्याच्या पहिल्या जोडीच्या पानांना तीनच पर्णिका असतात. तीन दिसल्या म्हणून लिंब नाही, असं ठरवून टाकू नये.

पळसाला पाने तीन, ही म्हण सगळ्यांना पाठ आहे. ओळखीला तिचा उपयोग नाही. बेलालाही तीनच, पांगाऱ्यालाही तीनच, वायवर्णालाही तीनच. पळसाची मधली पर्णिका टोकाकडे रुंद, बाजूच्या दोन तिरक्या, पान जाड आणि खालून मखमली. पांगाऱ्याच्या खोडावर काटे. बेलाचं पान चुरगाळलं की शंका उरत नाही.

आपटा, कांचन आणि अंजन या तिघांची गल्लत तर दरवर्षी दसऱ्याला आपण सगळे मिळून करतो. बाजारात सोनं म्हणून जे विकायला येतं त्यात कांचनाच्या फांद्या सर्रास असतात. आपट्याचं पान लहान, जाडसर, लांबीपेक्षा रुंद. कांचनाचं मोठं आणि पातळ. दोन्ही मधोमध दुमडलेलं एकच पान. अंजनाला मात्र दोन स्वतंत्र पर्णिका असतात, एका देठाच्या टोकावर चिकटून बसलेल्या, मध्ये केसासारखा बारीक कूस. एक बाजू हलकेच ओढा: अंजनाची सांध्यातून सबंध सुटते, आपट्याचं पान फाटतं. अंजन राखण्यासारखं झाड आहे. जिथे मुरूम उघडा पडलाय तिथे ते खोल सोटमूळ सोडून उभं राहतं, आणि त्याचं लाकूड किती चिवट असतं ते सुताराला विचारावं.

सागाची कसोटी मुलांनाही आवडते. कोवळं पान तळहातावर चोळलं की लालभडक रंग उतरतो. चिकाची कसोटी मात्र जपून करावी. वड, उंबर, मोह आणि कुडा यांना दुधासारखा चीक असतो, तो निरुपद्रवी समजून हात लावायची सवय लागते, आणि मग एखाद्या दिवशी गाठ बिब्याशी पडते. बिब्याचं पान मोठं, साधं, गोलसर टोकाचं, खालून फिकट. असं रोप दिसलं तर मोडून पाहू नये. त्याचा रस काळा पडतो आणि कातडीवर फोड आणतो. रुईचा चीक डोळ्यांत गेला तर तोही महागात पडतो.

रोपांची आणखी एक खोड आहे. ती वयानुसार रूप बदलतात. बाभळीचं पहिलं पान एकदाच विभागलेलं, पुढची दोनदा. ऑस्ट्रेलियन बाभळीचं रोप तर चक्क बाभळीच्या नाजूक पानांनी सुरू होतं आणि काही दिवसांतच ती पानं सोडून देठालाच विळ्यासारखं रुंद करतं. एकाच रोपावर दोन्ही रूपं दिसली की ओळख पक्की. तोडलेल्या किंवा जळलेल्या बुंध्यातून फुटलेला धुमारा हे दुसरं फसवं प्रकरण. त्याची पानं मूळ झाडाच्या पानांहून कितीतरी मोठी असू शकतात. टेंभुर्णीची जी छोटी छोटी रोपं माळावर दिसतात त्यातली पुष्कळशी बियांची नसतातच, जमिनीखालच्या मुळांतून वर आलेली असतात. शिवाय शेळ्या. शेळीने चार वेळा कुरतडलेलं बोर कुठल्याच पुस्तकातल्या चित्रासारखं दिसत नाही.

इतकं करूनही अडलं तर रोप सोडून आजूबाजूला पाहावं. ते तिथे आलं कसं? तारेच्या कुंपणाखाली किंवा मोठ्या झाडाच्या फांदीखाली ओळीने रोपं असतील तर ती पक्ष्यांची पेरणी. लिंब, चंदन, वड-पिंपळाची पिलावळ तिथे शोधावी. चंदनाची तर हीच खूण आहे. ते अर्धपरजीवी, शेजाऱ्याच्या मुळांतून काही अन्नपाणी घेतं, म्हणून बाभूळ, बोर किंवा लिंबाच्या सावलीत झुडपाच्या आडोशाला वाढतं. समोरासमोर पानं, वरून तुकतुकीत, खालून निळसर फिकट, काटा नाही, चीक नाही, आणि जागा अशी: मग तणनाशक दुसरीकडे वळवावं. गुरांच्या वाटेवर, गोठ्याजवळ आणि उकिरड्यावर उगवणारी काटेरी रोपं बहुधा शेणा-लेंड्यांतून आलेली. वेडी बाभूळ १८७७ च्या सुमारास भारतात आणली गेली, ती इतकी फैलावली त्याचं एक मोठं कारण तिच्या गोड शेंगा गुरं आवडीने खातात आणि बी तसंच बाहेर पडतं. पानाला मात्र शेळी तोंड लावत नाही. मेच्या कडक उन्हात सगळं सुकलेलं असताना हिरवंगार दिसणारं, न खाल्लेलं काटेरी रोप हे ओळखायला पुस्तक लागत नाही.

इथे माणसांकडे यावं लागतं. जिंतूरच्या डोंगराकडचे आंध, तांड्यांवरची बंजारा मंडळी, मेंढरं घेऊन फिरणारे धनगर आणि झाडपाल्याचं औषध देणारे जुने जाणते यांची ओळख फुलावर अवलंबून नसते. शेळीला काय चालतं, जळणाला काय धूर करतं, कुठल्या काठीचा दांडा टिकतो, यावरून त्यांना झाड माहीत असतं, म्हणजे रोपपणापासून माहीत असतं. या ज्ञानाला आपण आदराने ‘पारंपरिक’ म्हणतो आणि लिहून मात्र घेत नाही. मर्यादा त्यालाही आहे. एकच नाव दोन गावांत दोन झाडांना असतं. जुन्या वनपुस्तकांत वेडी बाभूळ हे नाव देशी बाभळीच्याच एका वाणाला होतं, आज ते परदेशी झाडाला आहे. जुनी नोंद वाचताना हे ध्यानात नसेल तर सगळाच घोटाळा. म्हणून नाव विचारलं की झाडही दाखवायला सांगावं.

शास्त्रीय नावं तरी स्थिर असतील ही आशा सोडावी. व्हिएन्नात २००५ साली भरलेल्या वनस्पतिशास्त्र परिषदेत ‘अकेशिया’ हे नाव ऑस्ट्रेलियातल्या गटाकडे गेलं, मेलबर्नला २०११ मध्ये त्यावर शिक्कामोर्तब झालं, आणि आपली बाभूळ ‘वॅचेलिया’ झाली. धावडा २०१७ मध्ये ऐन-अर्जुनाच्या प्रजातीत, ‘टर्मिनॅलिया’त गेला. वेडी बाभूळ २०२२ पासून ‘नेलटुमा’. जुनं पुस्तक आणि नवं अॅप यांत वेगळं नाव दिसलं म्हणून दोन झाडं समजू नयेत, एवढंच यातून घ्यायचं.

अॅपचं म्हणाल तर आता प्रत्येक खिशात एक आहे. फ्रेंच संशोधन संस्थांचं प्लँटनेट, २००८ मध्ये अमेरिकेत सुरू झालेलं आयनॅचरलिस्ट, आणि गूगल लेन्स. नाकं मुरडायचं कारण नाही. फुललेला बहावा किंवा पांगारा ती क्षणात सांगतात. पण ही यंत्रं लोकांनी घातलेल्या फोटोंवर शिकतात, आणि लोक फोटो काढतात फुलांचे. प्लँटनेटची सुरुवातच फ्रान्समधल्या वनस्पतींपासून झाली. त्यामुळे चार पानांचं अंजनाचं रोप दाखवलं की यंत्र आत्मविश्वासाने दक्षिण अमेरिकेतलं काहीतरी सांगू शकतं. त्याचं पहिलं उत्तर म्हणजे निकाल नव्हे, चौकशीची सुरुवात. आयनॅचरलिस्टवर निदान दुसरी माणसं येऊन दुरुस्ती करतात, आणि नोंदीला जागा व तारीख जोडलेली राहते, म्हणून माझा कल तिकडे. फोटो घ्यायचे तर पानाची वरची बाजू, खालची बाजू, पेर आणि काटा जवळून, खोडाची साल, आणि शेजारी हात धरून सबंध रोप. एकट्या शेंड्याच्या फोटोवरून ओळख विचारणं म्हणजे समोरच्याला उगाच कोड्यात टाकणं.

रोपवाटिकेतून आलेली झाडं हा आणखी एक पदर, आणि तो थोडा कडू आहे. मराठवाड्यात १९८० च्या दशकात सामाजिक वनीकरणाच्या काळात सुबाभूळ मोठ्या प्रमाणात आली. पुढे बांधावर हिरवळीच्या खतासाठी गिरिपुष्प आलं. राज्याच्या वृक्षलागवड मोहिमांत २०१६ ला दोन कोटी, २०१७ ला चार, २०१८ ला तेरा आणि २०१९ ला तेहतीस कोटी रोपांची उद्दिष्टं होती. एवढ्या संख्येसाठी लवकर तयार होणारी, शेळी खाणार नाही अशी, पिशवीत न मरणारी रोपं लागतात. देशी झाडांतली हळू वाढणारी जात, अंजन किंवा बिबा, या हिशेबात मागे पडते. शाळेच्या आवारात मुलांना जी झाडं रोज दिसतात ती यातूनच आलेली, त्यामुळे काशीद आणि गुलमोहर त्यांना माहीत असतात आणि धावडा नसतो. ओळख पाहण्यातून येते, आणि काय दिसावं हे बरंचसं रोपवाटिकेतल्या यादीत ठरतं.

कायद्यालाही या ओळखीशी देणंघेणं आहे. महाराष्ट्र वृक्षतोड नियमन अधिनियम १९६४ चा. त्याच्या अनुसूचीतली झाडं, म्हणजे साग, मोह, चिंच, आंबा, खैर, चंदन, तिवस, अंजन, जांभूळ आणि आणखी काही, स्वतःच्या शेतात असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. झाड वाचावं हा हेतू. पण पुढची कटकट नको म्हणून ते रोप असतानाच काढून टाकणारा शेतकरी या कायद्याला दिसत नाही. ज्याला रोप ओळखता येतं तोच ते मुद्दाम उपटूही शकतो, ही या सगळ्या खटाटोपाची गैरसोयीची बाजू. ती लपवण्यात अर्थ नाही. तरीही माझं मत असं, की जाणून उपटणाऱ्यांपेक्षा न कळून उपटणारे कितीतरी जास्त आहेत, आणि त्यांच्यापुरतं तरी काम होण्यासारखं आहे.

उणीव आता नेमकी सांगता येते. वाढलेल्या झाडांची पुस्तकं आहेत, फुलांची अॅपं आहेत, तोंडी ज्ञान आहे. मराठवाड्यातल्या पन्नास झाडांची पहिल्या पानापासून दोन वर्षांपर्यंतची चित्रं असलेलं, खिशात मावेल असं मराठी पुस्तक नाही. ते करायला प्रयोगशाळा लागत नाही. वाट उलटी धरावी लागते. अनोळखी रोपावरून झाड शोधण्याऐवजी ओळखीच्या झाडाखालचं बी उचलायचं, पिशवीत लावायचं, पिशवीवर नाव लिहायचं आणि ठरावीक दिवसांनी फोटो काढत राहायचं. बाभूळ, खैर यांच्या कठीण बियांवर आधी गरम पाणी ओतून रात्रभर भिजू द्यावं. लिंबोळी मात्र पडली की लगेच लावावी, काही आठवड्यांतच तिची उगवण जाते. रोप काय आहे हे पहिल्या दिवसापासून माहीत असल्यामुळे ओळखीत चूक होत नाही, हा या रीतीचा सगळ्यात मोठा फायदा.

परभणीत १९७२ पासून कृषी विद्यापीठ आहे. जमीन आहे, रोपवाटिका आहे, दरवर्षी नवे विद्यार्थी आहेत. वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने आणि जिल्ह्यातल्या शाळांच्या हरित सेनांनी हे काम वाटून घेतलं तर दोन पावसाळ्यांत अशा पुस्तिकेचं साहित्य जमेल. त्यांच्याकडे ही मागणी आपण वाचकांनीच करायला हवी. तोवर निदान एवढं करा: या पावसाळ्यात बांध साफ करताना जे रोप ओळखू आलं नाही त्याला रंगीत चिंधी बांधा, सालगड्याला आणि फवारणी करणाऱ्याला ती चिंधी दाखवून ठेवा, आणि दिवाळीपर्यंत त्याला हात लावू नका.